जुने सिंगर पॅचर मशीन आणि चामड्याची दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुरुस्तीला पिशवी घेऊन आलेल्या माणसाची नजर कोपऱ्यातल्या काळ्या मशीनवर गेली की पिशवी बाजूला राहते आणि मशीनवरच गप्पा सुरू होतात. त्या गप्पांत पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरे सिंगरच्या २९के या पॅचर मशीनला धरून आहेत, कारण मी स्वतः ती उघडली, बिघडवली आणि पुन्हा चालती केली आहेत.

पॅचर म्हणजे नेमके काय? कपड्याच्या मशीनपेक्षा यात वेगळे काय असते?

कपड्याच्या मशीनमध्ये कापड खालचे दाते पुढे ओढतात. पॅचरला खाली दातेच नसतात. वरचा पाय चामडे दाबतो, पुढे सरकवतो, उचलला जातो आणि परत मागे येतो. हा पाय वर्तुळात पूर्ण फिरवता येतो. त्यामुळे बूट जागचा न हलवता टाका डावीकडे, उजवीकडे किंवा उलटा नेता येतो. खालचा हात लांब आणि बारीक, टोकाशी जेमतेम दोन बोटांएवढा. बुटाच्या चवड्यापर्यंत किंवा पिशवीच्या खिशाच्या तळापर्यंत तो आत शिरतो. शिवण न उसवता ठिगळ मारायचे तर दुसरे मशीन तिथे पोचतच नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे दुरुस्तीचे मशीन आहे, उत्पादनाचे नाही. दिवसाला पन्नास पट्टे शिवायचे मनात असेल तर चुकीच्या मशीनच्या प्रेमात पडला आहात.

माझ्याकडचे मशीन कोणते आणि किती जुने, हे कसे ओळखायचे?

मशीनवर ठोकलेल्या धातूच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक पाहा. २९के५१, २९के५८, २९के७१ अशा क्रमांकांतला 'के' म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या क्लाइडबँक गावातला सिंगरचा कारखाना. तो १८८५ च्या सुमारास पूर्ण सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. त्याच्या मनोऱ्यावरचे भलेमोठे घड्याळ १९६३ मध्ये पाडले. कारखाना गेला, पण त्या गावच्या रेल्वे स्टेशनचे नाव अजून 'सिंगर'च आहे. नुसते '२९-४' असे लिहिले असेल आणि 'के' नसेल, तर ते बहुधा अमेरिकेतल्या एलिझाबेथ कारखान्याचे.

वयाचा अंदाज अनुक्रमांकावरून येतो. अंकांच्या पुढे सुरुवातीला अक्षर नसेल तर मशीन १९०० च्या आधीचे. एक अक्षर असेल तर त्यानंतरचे, आणि 'ई'ने सुरू होणारी दोन अक्षरे असतील तर आणखी अलीकडचे. पण वय फक्त कौतुकापुरते. ऐंशी वर्षे घरात झाकून ठेवलेले मशीन हे वीस वर्षे रोज दहा तास राबलेल्या मशीनपेक्षा तरुण असते.

हाताची लांबी मात्र नक्की विचारा. साधारण १२ इंची आणि १८ इंची असे दोन प्रकार सापडतात. नेहमीच्या बूट-पिशव्यांना आखूड हात पुरतो. उंच बूट आणि मोठ्या प्रवासी बॅगांना लांब हात लागतो, पण तो जास्त लवचिक असल्याने जाड कामात थोडा डगमगतो.

घरच्या जुन्या काळ्या मशीनवर चामडे शिवता येणार नाही का?

येईल, पण मऊ आणि पातळच. जॅकेटच्या चामड्याचे दोन पदर जुन्या ओतीव लोखंडाच्या घरगुती मशीनवर हाताने चाक फिरवत आरामात शिवले जातात. अडचण ताकदीची नसते, घसरण्याची असते. वरचा पदर पायाला चिकटून मागे राहतो, खालचा पुढे जातो आणि शेवटी कडा जुळत नाहीत. गाडीच्या सीट कव्हरसाठी, किंवा लांब सरळ शिवणीच्या कोणत्याही कामासाठी, वॉकिंग फूटचे, म्हणजे वरचा पायही कामाबरोबर पुढे सरकणारे, मशीन घ्या. सिंगर १११डब्ल्यू१५५ हे त्यातले नावाजलेले जुने मॉडेल. घोड्याचे खोगीर किंवा जाड पट्टे शिवायचे असतील तर सिंगरच्याच ४५के वर्गाकडे वळा.

जुने मशीन घ्यायला गेल्यावर काय तपासायचे?

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी जा, नाहीतर मुंबईच्या चोरबाजारात. विकणारा आधी चकचकीत सोनेरी अक्षरे दाखवेल. तिकडे पाहू नका. खिशात एक जाड कागद, एक बारीक बॅटरी आणि नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर ठेवा.

दोरा न ओवता, टाका सगळ्यात मोठा करून, कागदावर चाक हाताने फिरवत एक ओळ पाडा. मग पट्टी लावून एका इंचातली भोके मोजा. पाच-सहा असतील तर मशीनला जीव आहे. दहा-बारा असतील तर पाय सरकवणारी यंत्रणा झिजली आहे. मशीन तरीही घेता येईल, पण भाव त्या हिशेबाने करा. हीच ओळ पाय चारही दिशांना फिरवून पाडा. एका दिशेला भोके सलग आणि दुसऱ्या दिशेला एकमेकांवर चढलेली दिसली, तर पायाचा वरचा सांधा ढिला आहे.

मग हाताच्या टोकावरची प्लेट काढून शटल, म्हणजे खालचा दोरा वरच्यात अडकवणारा टोकदार भाग, पाहा. चाक घट्ट धरून शटल बोटाने हलवा. किंचित खेळ चालतो. पण ते टकटक करत इकडून तिकडे जात असेल, तर आतली दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारे छोटे चक्र दोन्ही झिजले आहेत. त्याच वेळी शटलचे टोक नखावर फिरवा. टोक धारदार हवे आणि कुठेही खरखर लागता कामा नये.

शेवटी बॉबिन आणि बॉबिन केस सोबत मिळते का ते पाहा. २९के मध्ये लहान आणि मोठ्या बॉबिनची वेगवेगळी मॉडेल्स आहेत आणि एकाचे दुसऱ्यात बसत नाही. "नंतर मिळेल कुठेही" असे विकणारा म्हणाला की समजावे, त्यालाही ते मिळालेले नाही.

पायाने चालवायचे जुने स्टँड आणि चामडी पट्टा सोबत असतील तर चार पैसे जास्त द्या. ते स्टँड वेगळे शोधायला गेलात तर महिने जातात.

चाक अजिबात फिरत नाही. मशीन भंगारात द्यावे का?

लगेच नको. दहातली आठ मशीन गंजाने नाही, वाळलेल्या तेलाने जाम होतात. आपल्याकडे त्याचे कारण बहुतेक वेळा घरातच सापडते: खोबरेल तेल. कुणीतरी वर्षानुवर्षे तेलाच्या भोकांत खोबरेल, नाहीतर गोडे तेल घातलेले असते. ते सुकून लाखेसारखे घट्ट होते. माझे पहिले मशीन असेच होते. मी चाकावर जोर लावला, काहीतरी सरकल्यासारखे वाटले, आनंद झाला आणि मग लक्षात आले की सरकले ते चाक नव्हते, चाकाचा स्क्रू तुटला होता. तो काढायला मला मशीन मोकळे करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

म्हणून आधी जोर नको. सगळ्या भोकांत आणि हलणाऱ्या प्रत्येक सांध्यावर रॉकेल सोडा. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल, किंवा गंज सोडवणारा फवारा. एक दिवस थांबा. चाक दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर हलवून पाहा, पुन्हा सोडा, पुन्हा थांबा. असे तीन-चार दिवस जाऊ द्या. काळी चिकट घाण बाहेर येऊ लागली की पुसत राहा. तरी अडत असेल तर हेअर ड्रायरने तो भाग कोमट करा. ज्योत लावू नका, रंग आणि सोनेरी चित्रे जळतात. मशीन मोकळे झाल्यावर रॉकेल पूर्ण निघून जाईपर्यंत शिलाई मशीनचे पातळ तेल घालून चाक फिरवत राहा. रॉकेल सुकल्यावर लोखंड कोरडे राहते आणि कोरडे लोखंड पहिल्या पावसात गंजते.

स्क्रूंबद्दल एक इशारा. सिंगरच्या स्क्रूंचे आटे स्वतःचे, बाजारातल्या आट्यांशी न जुळणारे असतात. एखादा हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला जवळपासचा स्क्रू दाबून बसवलात, की तो आटा कायमचा गेला.

जुना रंग खरवडून नवा मारू का?

नको. काळा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला आहे, तसा पुन्हा होत नाही. थोडे मशीन तेल मऊ कापडावर घेऊन पुसा, बस. स्पिरिट किंवा थिनर चुकूनही लावू नका, सोनेरी अक्षरांवरचा लाखेचा थर त्याने क्षणात विरघळतो. गिऱ्हाईक मशीनचा रंग बघायला येत नाही, त्याला टाका दाखवायचा असतो.

टाका मोठा केला तरी लहानच पडतो. काय करायचे?

हा २९के चा सगळ्यात जुना आजार. नव्या मशीनवर साधारण ५ मिलिमीटरचा टाका पडायचा. झिजलेल्यावर तो ३ किंवा २ वर येतो. पायाला उचलून सरकवणाऱ्या लिव्हरचे टोक आणि तो ज्याच्यावर घासतो तो कॅम (फिरता उंचवटा), या दोन जागी धातू उडतो. मधे पोकळी होते आणि चाकाची थोडी हालचाल त्या पोकळीतच वाया जाते.

आधी स्वस्त उपाय करा. पायाच्या तळाची खरखर झिजून गुळगुळीत झाली असेल, तर तो चामड्यावरून घसरतो आणि टाका आपोआप लहान पडतो. पाय बदलला की अर्धी मशीन सुधारतात. पायावरचा दाब कमी झाला असेल तर स्प्रिंगचा स्क्रूही थोडा आवळून पाहा.

त्यानेही भागले नाही तर लिव्हर काढून त्याच्या टोकावर वेल्डिंगचा किंवा पितळेचा थर चढवून तो घासून आकाराला आणावा लागतो. हे काम चांगल्या लेथवाल्याकडे न्या, पण त्याला आधी नीट दाखवा की कोणती बाजू घासली जाते. थर थोडा जास्तच ठेवायला सांगा आणि कानशीने बसवता बसवता कमी करा. कमी झालेले परत चढवणे वैतागाचे असते.

टाके सुटतात, मधेच एखादा गायब होतो. टायमिंग (सुई आणि शटल यांची वेळेची जुळणी) बिघडले का?

बहुतेक वेळा नाही. आधी सुई बदला. मग सुई नीट वरपर्यंत गेली आहे का, तिची खोलगट बाजू शटलकडे आहे का, ते पाहा. दोरा सुईच्या मानाने जाड असेल तर फास नीट बनत नाही, तेही कारण असू शकते.

हे सगळे ठीक असेल तरच टायमिंगकडे वळा. सुई सगळ्यात खाली जाऊन साधारण २ मिलिमीटर वर आली की दोऱ्याचा फास बाजूला फुगतो. नेमक्या त्या क्षणी शटलचे टोक सुईच्या मागून, भोकाच्या किंचित वरून गेले पाहिजे. दातेरी पट्टी झिजलेली असेल तर एका टाक्याला ते वेळेवर येते, पुढच्याला उशिरा. असे मशीन जुळवून जुळत नाही, पट्टी आणि चक्र बदलावेच लागते.

कोणती सुई आणि कोणता दोरा?

पॅचरची सुई वेगळ्या प्रणालीची असते, २९×३ किंवा २९×४. पहिली गोल टोकाची, दुसरी चामडे कापणाऱ्या टोकाची. घरगुती मशीनची सुई यात चालत नाही.

दोरा बाँडेड (लेप देऊन पीळ पक्का केलेला) नायलॉन किंवा पॉलिएस्टर घ्या. सुती दोरा सुंदर दिसतो, पण आपल्या घामाने आणि पावसाने कुजतो. टिकिट हा दोऱ्याच्या जाडीचा क्रमांक. टिकिट ४० च्या दोऱ्याला १०० किंवा ११० नंबरची सुई, टिकिट ३० ला ११० ते १२५ आणि टिकिट २० ला १४०. टिकिटाचा आकडा जितका लहान तितका दोरा जाड, इथे नवखे हमखास गोंधळतात. टिकिट २० हा पॅचरच्या लहान बॉबिनसाठी जवळपास शेवटची मर्यादा. तिथे मी जाड दोरा फक्त वर लावतो आणि खाली एक पायरी पातळ.

हाताने शिवायचा मेण लावलेला जाड दोरा मशीनमध्ये घालू नका. त्याचे मेण दोऱ्याचा ताण राखणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत साचते आणि मग आठवडाभर टाका का बिघडतोय ते कळत नाही.

दोरा सुईपर्यंत जातच नाही!

तो पोकळ दांड्याच्या आतून, वरून खाली आणायचा असतो. त्यासाठी टोकाला आकडा असलेली लांब तार लागते. जुन्या मशीनबरोबर ती कधीच मिळत नाही. सायकलच्या ब्रेकच्या वायरमधली एक बारीक तार काढून तिचे टोक वाकवा. माझी तशीच आहे आणि ती मशीनच्याच कडेला बांधून ठेवली आहे, कारण पहिली हरवली होती.

जुन्याच भोकांतून शिवायचे की नवी भोके पाडायची?

शक्य तिथे जुन्याच. चामड्याला पडलेले भोक भरून येत नाही. जुन्या ओळीच्या शेजारी नवी ओळ मारली की मधली पट्टी टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटते. अशा कामाला कापणाऱ्या टोकाची सुई नको, गोल टोकाची घ्या. ती भोकात शिरते, त्याची कड चिरत नाही. चाक हाताने फिरवा, सुई भोकावर टेकली की नजर टाका, मग पुढे. टाका ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा लहान करू नका. आणि शेवटी चार टाके मागे मारण्यापेक्षा दोन्ही दोरे आतल्या बाजूला ओढून गाठ मारा आणि नायलॉनचे टोक लायटरने हलके वितळवा.

भोके इतकी मोठी झाली असतील की दोरा त्यांतून निसटतो, तर मागून पातळ चामड्याची पट्टी चिकटवा. कडा रापीने (चामडे तासायच्या सुरीने) तासून घ्या, नाहीतर पायाखाली पायरी होते आणि टाका तिथेच अडखळतो. तरीही कधी कधी मशीन बाजूला ठेवून आरी (भोक पाडायचा टोच्या) आणि दोन सुया घेणे जास्त शहाणपणाचे ठरते. मी दिवसाला एखादे तरी काम तसेच करतो.

मोटर लावू का?

पॅचरला नको. मोठे चाक हाताने किंवा पायाने फिरवण्यातच त्याचा उपयोग आहे, प्रत्येक टाका बघून टाकता येतो.

दुसऱ्या एखाद्या जड मशीनला लावायचीच असेल, तर वेगाचा हिशेब करा. क्लच मोटर (सुरू असेपर्यंत पूर्ण वेगाने फिरत राहणारी जुनी मोटर) मिनिटाला १४४० किंवा २८८० फेरे घेते. १४४० वाली घेऊन तिला २ इंची पुली लावली आणि मशीनची पुली ६ इंची असली, तर मिनिटाला ४८० टाके पडतात. तेवढेही शिकाऊ माणसाला भीती वाटावी असेच. सर्व्हो मोटरचा वेग हवा तितका कमी करता येतो, मशीन थांबलेले असताना मोटरचा आवाजही नाही.

कोल्हापुरी चप्पल यावर दुरुस्त होते का?

अंगठा किंवा पट्टा सुटला असेल तर थोडेफार जमते. पण पारंपरिक कोल्हापुरीचा तळ चामड्याच्याच वादीने हाताने शिवलेला असतो, त्यात मशीनचा दोरा नसतोच. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या त्या जाड, कडक चामड्यातून पॅचरची सुई घालणे म्हणजे सुई मोडायचीच तयारी. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे जिल्हे आहेत, शिवाय कर्नाटकातलेही चार. तळ उसवला असेल तर चप्पल ज्याने वादी ओवण्यात हयात घालवली आहे अशा कारागिराकडेच न्या. मी तेच सांगून गिऱ्हाईक परत पाठवतो.

बुटाचा तळ शिवता येतो?

नाही. त्याचे मशीन वेगळे असते.

पिशवीचे चामडे सोलून पडते आहे. ठिगळ मारून द्याल?

ते बहुधा चामडे नाही, कापडावर चढवलेला पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर आहे. दमट हवेत तो थर आतून तुटत जातो आणि पापुद्रे निघतात. त्यात सुई घातली की भोकाभोवती आणखी निघतात. लोक रागावतात, कारण पिशवी महागाची असते. माझ्याकडे त्यावर उपाय नाही. पट्टा, चेन आणि खिसा सुटला असेल तर अस्तराला धरून शिवून देतो.

खऱ्या जुन्या चामड्यातही एक अवस्था अशी येते. हात लावला की लालसर भुकटी लागते. तेही टाका धरत नाही.

तेल किती आणि कधी?

रोज काम असेल तर रोज सकाळी प्रत्येक भोकात एक थेंब. पॅचरला भोके इतकी आहेत की पहिल्या दिवशी मोजून घ्या आणि खडूने खूण करा, नाहीतर हाताच्या आतली दोन हमखास राहतात. तेल घातल्यावर चामड्याच्या तुकड्यावर वीस-तीस टाके मारा. जास्तीचे तेल तिथे उतरू दे, फिक्या रंगाच्या पर्सवर नको. कच्च्या रंगाच्या चामड्यावर पडलेला तेलाचा डाग निघत नाही, हे मी पैसे भरून शिकलो आहे.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर मशीनवर प्लास्टिक झाकू नका, आतल्या आत घाम धरतो. सुती चादर टाका. सुईची प्लेट, पाय आणि शटल यांच्यावर रात्री तेलाचे बोट फिरवा. पिवळा बल्ब मशीनच्या बुडाशी लावून ठेवायची जुनी युक्ती अजून चालते, पण तसा बल्ब शोधावा लागतो.

नवे स्वस्त, हाताने फिरवायचे चिनी पॅचर घेतले तर?

ते याच जातीचे, ढोबळ ओतकामाचे मशीन आहे. नवे आले की कडा कानशीने घासा, सगळे स्क्रू तपासा, शटलचे टोक २००० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. एवढे केले तर जाड दोऱ्याचे खडबडीत काम ते चोख करते. नाजूक पर्सवर मात्र ते चालवायला मी धजत नाही. शिकायला वाईट नाही, कारण बिघडवायची भीती वाटत नाही.

सुटे भाग कुठून मिळतात?

पाय, बॉबिन, शटल, दातेरी पट्टी यांच्या नकला बाजारात आहेत. जुना भाग हातात घेऊनच दुकानात जा, फोनवर क्रमांक सांगून मागवू नका. नवी पट्टी जुन्या चक्रावर चालवली की दोन्ही लवकर खराब होतात, म्हणून जोडीच बदला. चामडे आणि दोरा मुंबईत धारावीत एकाच फेरीत मिळून जातो.

यावर पोट चालते का?

एकट्या पॅचरवर नाही. चेन बदलणे, हँडल, पट्टे, कडा रंगवणे हे सगळे जोडीला लागते. शहरात चामड्याच्या चांगल्या वस्तू वापरणारे लोक दुरुस्तीला पैसे देतात, फक्त त्यांना वेळ सांगून त्या दिवशी काम द्यावे लागते. गटई कामगार (रस्त्याकडेला चपला-बूट दुरुस्त करणारे) असाल तर सामाजिक न्याय विभागाच्या पत्र्याच्या स्टॉलच्या योजनेची आणि संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या कर्जयोजनांची चौकशी जिल्ह्याच्या कार्यालयात करा.

मशीन बघायला येऊ का?

या. येताना दुरुस्त करायचे काहीतरी घेऊन या, रिकाम्या मशीनवर दाखवण्यात काही अर्थ नसतो.